अंगणातून चंद्रकला टिपताना: भाऊबीजेच्या कोरेपासून पुढच्या अमावास्येपर्यंत

चंद्राचा फोटो काढायला गेलं की बहुतेकांच्या हाती एक पांढराफटक ठिपका लागतो. साधा मोबाईल असो की महागडा कॅमेरा, पहिल्या दिवशी निकाल हाच. रात्रीचं काळं आभाळ बघून कॅमेरा ठरवतो की इथं उजेड फार कमी आहे, आणि शटर बराच वेळ उघडं ठेवतो. पण चंद्राचा जो भाग आपल्याला दिसतो, तिथं त्या वेळी रात्र नसते. तिथं लख्ख ऊन पडलेलं असतं, आपल्या वावरात दुपारी पडतं तेवढंच कडक. त्या उन्हातला जेमतेम १२ टक्के प्रकाश चंद्राची जमीन परत फेकते, म्हणजे ती जुन्या डांबरी रस्त्याइतकी काळपट आहे. तेव्हा फोटो काढताना डोक्यात एवढं पक्कं ठेवायचं की आपण भर उन्हातल्या जमिनीचा फोटो काढतोय. पुढे दिलेली सगळी सेटिंग्ज यातूनच निघतात.

दुसरं म्हणजे, पौर्णिमेची वाट बघत बसू नका. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्या दिसत नाहीत, आणि डोंगर-दऱ्या सपाट होऊन जातात. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर, जिथं चंद्रावर सकाळ किंवा संध्याकाळ चालू असते, तिथं प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते. ही सीमारेषा रोज सरकते, म्हणून रोजचा फोटो वेगळा येतो. अख्ख्या महिन्याची मालिका करायची ती यासाठी.

विदर्भातल्या खेड्यात या कामाला लागणाऱ्या तीन गोष्टी आधीच आहेत: उंच इमारतींनी न अडवलेलं क्षितिज, भिंतीवरचं तिथीचं कॅलेंडर, आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत बहुतेक रात्री मोकळं असणारं आभाळ. सुरुवात भाऊबीजेपासून करावी असं माझं मत आहे. ती कार्तिक शुद्ध द्वितीया. अमावास्येनंतरची पहिली ठळक कोर साधारण त्याच संध्याकाळी दिसते, आणि भाऊ नसलेल्या बहिणी चंद्राला ओवाळतात म्हणून घरातले सगळे तसेही त्या वेळी पश्चिमेकडे बघत असतात.

जागा

घरातल्या दोन जागा ठरवा: एक संध्याकाळची, जिथून पश्चिम आणि दक्षिण मोकळी दिसते, आणि एक पहाटेची, जिथून पूर्व दिसते. ज्यांचं अंगण मोठं आहे त्यांना एकच पुरेल. दोन्ही ठिकाणी तिवईचे पाय कुठं टेकतात तिथं चुन्यानं खुणा करून ठेवा, म्हणजे रोज अंधारात चाचपडावं लागणार नाही.

स्लॅबवर उंची मिळते, पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब सोडत राहतो. टिनांचं तर विचारू नका. त्या गरम हवेतून बघितलं की चंद्राची कड थरथरते आणि कितीही चांगली लेन्स लावली तरी फोटो मऊ येतो. शेणानं सारवलेलं मातीचं अंगण लवकर निवतं. थंडीत स्लॅब चालेल, पण होळीनंतर अंगणच बरं. चंद्र शेजारच्या टिनपत्र्यांच्या वरून दिसत असेल तर चार पावलं सरकून उभे राहा.

गल्लीतल्या खांबावरचा एलईडी दिवा चंद्राला फिका करत नाही, चंद्र तेवढा प्रखर असतो. दिव्याचा उजेड थेट लेन्सवर पडला मात्र फोटोवर पांढुरकी साय येते. भिंतीच्या किंवा कडुलिंबाच्या सावलीत उभं राहिलं की काम भागतं. लाईन गेली असेल तर उत्तमच.

फोटोसाठी रात्री-पहाटे एकट्यानं वावरात जाऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली आणि ब्रह्मपुरीकडच्या गावांत वाघ-बिबट्याची भीती खरी आहे. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत करंट सोडतात आणि त्यात माणसं दगावली आहेत. चंद्र जेवढा धुऱ्यावरून दिसतो तेवढाच अंगणातून दिसतो. अंगणातही टॉर्च आणि पायात बूट हवेतच. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात विटांच्या ढिगाजवळ विंचू-सापाचा काही नेम नसतो.

वेळ: तिथी वाचायला शिका

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. अशा ३० तिथी मिळून एक चांद्रमास, सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांचा. म्हणजे तिथी कळली की चंद्राची कला किती आणि तो आभाळात कुठं असेल, दोन्ही कळतं. शुद्ध अष्टमीला सूर्य मावळताना अर्धा चंद्र दक्षिणेला उंच असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता चंद्र उगवतो. वद्य चतुर्थीला म्हणजे संकष्टीला तो सूर्यास्तानंतर सुमारे तीन तासांनी येतो. वद्य अष्टमीला मध्यरात्री उगवतो, गोकुळाष्टमीच्या जन्मोत्सवाच्या वेळेला. एका दिवसाला सरासरी ५० मिनिटांचा उशीर, एवढा हिशेब लक्षात ठेवला की झालं.

कॅलेंडरमधली तिथी सूर्योदयाच्या वेळची असते. तिथी कधी २० तासांची तर कधी २६ तासांची भरते, त्यामुळे सकाळी पंचमी असली तरी संध्याकाळी षष्ठी लागलेली असू शकते. ती कुठवर आहे हे पंचांगात दिलेलं असतं. प्रत्येक फोटोसोबत तारीख आणि वेळ नोंदवायची ती यासाठी.

चंद्रोदयाची वेळ बघताना मुंबईची वेळ धरू नका. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंश आहे, त्यामुळे चंद्र तिथं जवळपास २५ मिनिटं आधी उगवतो. विदर्भातल्या विदर्भातही बुलढाणा आणि गडचिरोलीत १५ मिनिटांचा फरक पडतो. संकष्टीच्या गाववार वेळा कॅलेंडरवर छापलेल्या असतात. बाकीच्या दिवसांसाठी मोबाईलवर स्टेलारियम हे अ‍ॅप घ्या आणि त्यात आपलं गाव टाकून ठेवा.

साधनं: घरात जे आहे त्यापासून

नुसत्या मोबाईलनं काय होतं ते आधी समजून घ्या. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात चंद्र अवघा तीसेक पिक्सेल रुंद पडतो. तीन पटीची खरी झूम लेन्स असेल तर नव्वदेक. एवढ्यात कला दिसते, विवरं दिसत नाहीत. बोटांनी ताणून केलेला डिजिटल झूम तोच ठिपका मोठा करून दाखवतो. काही मोबाईल समोर चंद्र आहे हे ओळखून स्वतःच त्यात तपशील भरतात. आपण आपल्या अंगणातला, आजचा चंद्र टिपायला बसलोय, तेव्हा सीन ओळखणारी ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

मोबाईलला १० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटरच्या भिंगाची) दुर्बीण जोडली तर चंद्र ३०० पिक्सेलपर्यंत जातो आणि मोठी विवरं उघडतात. दुर्बीण तिवईवर घट्ट बसवा, डोळ्याकडची रबरी कड दुमडा, आधी डोळ्यानं फोकस करा आणि मग मोबाईलची लेन्स त्या काचेसमोर सरळ धरा. हातानं धरणं अवघड जातं. मोबाईल धरून ठेवणारा क्लॅम्प मिळतो, तो घ्यावा.

डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आणि ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स असेल तर या कामाला आणखी काही लागत नाही. ३०० मिलिमीटरवर २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात चंद्र सुमारे ७०० पिक्सेल रुंद पडतो, म्हणजे एका पिक्सेलमध्ये चंद्रावरचे पाचेक किलोमीटर. आपलं लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटरचं. तेवढं विवर चंद्रावर असेल तर या फोटोत अर्धा पिक्सेलही भरणार नाही. आपल्याला दिसतात ती विवरं केवढी असतील याचा यावरून अंदाज करा. लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या फोटोग्राफरकडे अशी लेन्स असतेच. लग्नसराई नसताना तो चार दिवस देईल.

तिवई नसेल तर कापडी पिशवीत दोन किलो हरभरा किंवा तूर भरा, तोंड शिवून टाका आणि ती पिशवी बाजेच्या काठावर किंवा भिंतीवर ठेवा. कॅमेरा तिच्यात दाबून बसवला की हलत नाही, आणि हवा तसा कलवता येतो. हलक्या, डुगडुगणाऱ्या तिवईपेक्षा मी ही पिशवी पसंत करेन.

कॅमेरा लावण्याचा क्रम

कॅमेरा मॅन्युअल मोडवर घ्या. फाइल रॉ प्रकारात (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), जमलं तर सोबत नेहमीची जेपेग. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा समतोल, ‘डेलाइट’वर कायमचा ठेवा, कारण चंद्रावरचा उजेड हा सूर्याचाच. ऑटोवर ठेवला तर रोजचा चंद्र वेगळ्या रंगाचा येईल आणि मालिका विस्कटेल. तिवईवर असताना लेन्समधलं स्थिरीकरण बंद करा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का फोटोत उतरणार नाही.

मग फोकस. इथं घाई करू नका, निम्मे फोटो इथंच वाया जातात. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, झूम लेन्समध्ये ती बरेचदा नेमकी नसते. स्क्रीनवर चित्र दहा पट मोठं करा आणि चंद्राची बाहेरची कड न बघता उजेड-अंधाराची सीमा मधोमध आणा. आता फोकसची रिंग केसभर फिरवा. सीमेवरची एखादी विवराची कड आधी धूसर पांढरा पट्टा दिसेल, मग बारीक होत होत धारदार होईल आणि पुन्हा फाकू लागेल. जिथं ती सगळ्यात बारीक होती तिथं परत या, आणि रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून टाका. झूम बदलला किंवा गारठा वाढला की हे पुन्हा करावं लागतं.

एक्स्पोजर म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते. तो तीन गोष्टींवर ठरतो: एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं (आकडा मोठा तर तोंड लहान), आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, आणि शटर किती वेळ उघडं. त्यासाठी फोटोग्राफरांचा जुना नियम आहे: एफ/११ वर पौर्णिमेच्या चंद्राला ‘एक भागिले आयएसओ’ एवढं शटर पुरतं. तोच नियम सोयीसाठी एफ/८ आणि आयएसओ २०० वर बसवला तर आकडे असे येतात:

पौर्णिमा: १/४०० सेकंद
शुद्ध द्वादशी किंवा वद्य तृतीया: १/२५०
शुद्ध दशमी किंवा वद्य पंचमी: १/१६०
दोन्ही अष्टम्या: १/१००
शुद्ध पंचमी किंवा वद्य दशमी-एकादशी: १/५०
शुद्ध तृतीया किंवा वद्य द्वादशी-त्रयोदशी: १/२५
शुद्ध द्वितीया: १/१५ ते १/८

चंद्र क्षितिजाजवळ असेल किंवा धुरकट असेल तर शटर दुप्पट-चौपट वेळ उघडं ठेवा. आकडे सुरुवातीपुरते आहेत. एक फोटो काढा, मोठा करून बघा. उजळ भागात तपशील जळाला असेल तर शटर आणखी जलद करा. थोडा काळपट फोटो नंतर उजळता येतो, जळालेला परत आणता येत नाही.

मोबाईलमध्ये प्रो मोड उघडा, आयएसओ ५० ठेवा आणि पौर्णिमेला १/८०० पासून सुरुवात करा, अष्टमीला १/२००, कोरेला १/६०. प्रो मोड नसेल तर स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. मग उजेडाची खूण खाली ओढत जा, चंद्रावरचे डाग दिसू लागेपर्यंत.

कलेकलेनं

*द्वितीया-तृतीया.* सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय कॅमेरा त्या दिशेला रोखू नका. झूम लेन्समधून सूर्य डोळ्याला आणि सेन्सरला दोन्हीला घातक. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी सुरुवात करा, पुढचा अर्धा-पाऊण तास तुमचा. कार्तिकात ही कोर क्षितिजालगत, नैऋत्येकडे झुकलेली मिळते. तीच माघ-फाल्गुनात बघा. विदर्भ साधारण २० ते २१ अंश अक्षांशावर आहे, आणि मार्चच्या सुमारास संध्याकाळी चंद्र-सूर्याचा मार्ग इथं क्षितिजाशी जवळपास काटकोनात उभा राहतो. म्हणून कोर दोन्ही टोकं वर करून आडवी पडते आणि सूर्यास्तानंतर बराच वेळ उंचावर राहते. उत्तरेच्या थंड देशांत ती एवढी आडवी दिसत नाही.

याच दिवसांत कोरेच्या पोटातला अंधारा चंद्रही फिकट राखाडी दिसतो. तो पृथ्वीवरून परतलेला उजेड. याचं बरोबर कारण लिओनार्दो दा विंची यानं १६व्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. तो टिपायचा तर झूम १०० मिलिमीटरपर्यंत कमी करा, एफ/५.६, आयएसओ ८०० आणि दोन सेकंद. कोर जळेल, ते चालतं. झूम कमी करायचं कारण असं की चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, आणि मोठ्या झूमवर दोन सेकंदांतही त्याची कड पुसट होते.

*चतुर्थी ते सप्तमी.* उजव्या कडेजवळचा गर्द लांबट डाग म्हणजे मेअर क्रिसियम. पुढं महिनाभर दिशा ओळखायला हाच कामी येईल. पंचमी-षष्ठीला सीमेवर थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन विवरं एकाखाली एक दिसतात. जवळच मेअर ट्रँक्विलिटॅटिस हे मैदान, जिथं २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ उतरलं. हे काळे डाग म्हणजे गोठलेला लाव्हा, बेसॉल्ट. बुलढाणा-अकोला-अमरावती-यवतमाळच्या काळ्या मातीखाली जो काळा पाषाण लागतो, त्याच जातीचा खडक. लोणारचं विवरही बेसॉल्टमध्ये आघातानं झालेलं आहे. अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत आणि म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे तिथं येतात.

चांद्रयान-३ उतरलं तो दिवस, २३ ऑगस्ट २०२३, श्रावण शुद्ध सप्तमीचा होता. उतरायच्या जागी सूर्य उगवलेला हवा, म्हणजे लँडरला जवळपास १४ दिवसांचं ऊन मिळेल, असा तो हिशेब. सप्तमीच्या फोटोत खालच्या, दक्षिण टोकाजवळ बघा. लँडर दिसणार नाही, पण तिथली सकाळ दिसेल.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र बघू नये असा घराघरांत रिवाज आहे. घरच्या वडिलधाऱ्यांचं मन राखा, त्या दिवशी कॅमेरा पेटीत राहू द्या. चतुर्थी पुढच्या महिन्यातही येते.

*अष्टमी ते दशमी.* महिन्यातला एकच दिवस मिळणार असेल तर अष्टमी-नवमीचा धरा. चंद्र दिवे लागणीच्या वेळीच उंचावर असतो, रात्री जागावं लागत नाही, मुलांनाही दाखवता येतो. स्क्रीनवर सीमारेषेच्या मध्यापासून थोडं वर जा. अपेनाइन डोंगरांची कमानदार रांग सापडेल. सीमेच्या काळ्या बाजूला, उजेडापासून तुटलेला एखादा बारीक पांढरा कण दिसतो. तो डोंगराचा माथा. पायथ्याशी अजून रात्र आहे आणि शिखरावर ऊन पोचलंय. या रांगेतली सर्वात उंच शिखरं ५ किलोमीटरच्या वर जातात, कळसूबाईच्या तिप्पट. अर्ध्या-एक तासाच्या अंतरानं दोन फोटो घेतले तर तो कण बदललेला दिसतो. चंद्रावरची सकाळ अशी डोळ्यांदेखत पुढे सरकताना बघणं मला या सगळ्या उद्योगात सर्वात मोलाचं वाटतं.

नवमी-दशमीला दक्षिणेकडे टायको आणि २२५ किलोमीटर रुंदीचं क्लेव्हियस ही विवरं उघडतात, त्यानंतर मधोमध डावीकडे कोपर्निकस.

*पौर्णिमा.* तपशील कमी, पण टायकोपासून चंद्रभर फाकलेले पांढरे पट्टे आजच सगळ्यात ठळक. डिसेंबरची पौर्णिमा विदर्भात मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येते आणि तिवईवरचा कॅमेरा तेवढा वर वळत नाही. त्यामुळे आठ-नऊलाच उरका. मे-जूनची पौर्णिमा उलट दक्षिणेला खाली राहते.

चंद्र उगवताना समोर देवळाचा कळस किंवा पळसाचं झाड हवं असेल तर चतुर्दशीची संध्याकाळ निवडा. चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो आणि झाडावर अजून उजेड असतो. एखादी वस्तू तिच्या रुंदीच्या सुमारे ११० पट अंतरावर असली की ती चंद्राएवढी दिसते. दोन मीटरचा कळस चंद्राच्या मापात बसवायचा तर २२० मीटर मागं या.

*वद्य पक्ष.* इथं बहुतेकांची मालिका तुटते, कारण चंद्र उशिरा येतो. त्यावर उपाय सकाळचा. वद्य पंचमीपासून पुढं चंद्र उगवायची वाट न बघता पहाटे उठा, चंद्र पश्चिमेला किंवा डोक्यावर असतोच. अष्टमीला तर सूर्य उगवल्यावरही तो दक्षिणेला निळ्या आभाळात असतो. एफ/८, आयएसओ २००, १/१२५ वर आरामात येतो. कापूस वेचायला निघण्याआधी दहा मिनिटांचं काम. सीमारेषा आता दुसऱ्या बाजूनं येते आणि तीच विवरं उलट्या सावल्यांत दिसतात. वद्य तृतीयेला मेअर क्रिसियमवर संध्याकाळ होते, त्याच्या काठाचे डोंगर तेव्हा बघावेत.

कार्तिकातली शेवटची, द्वादशी-त्रयोदशीची पहाटकोर चुकवू नका. संध्याकाळची कोर या दिवसांत खाली असते, तर पहाटेची उंच आणि आडवी. सूर्योदयाच्या तासभर आधी पूर्वेला बघा, आणि उजाडू लागलं की थांबा.

हवा, दव, धूळ

थंडीत पहाटे लेन्सवर दव धरतं. पुसत बसू नका, ओरखडे पडतात. लेन्सभोवती पुठ्ठ्याची नळी बसवली तर दव उशिरा धरतं. गार कॅमेरा चुलीजवळच्या उबदार खोलीत नेण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि तासाभरानं उघडा, म्हणजे पाणी पिशवीवर बसेल. पऱ्हाट्या पेटवायच्या दिवसांत संध्याकाळचा धूर जमिनीलगत पसरतो. तेव्हा चंद्र उंचावर येईपर्यंत थांबणं हाच मार्ग.

एप्रिल-मेमध्ये हवा मध्यरात्रीनंतर शांत होते. त्याआधी काढायचे असतील तर एकाच वेळी वीस-तीस फोटो सलग घ्या. थरथरणाऱ्या हवेतही क्षणभर स्थिर झालेला एखादा फोटो त्यात सापडतो. हेच फोटो संगणकावर ऑटोस्टॅकर्ट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकले तर ते त्यातले चांगले निवडून एकावर एक बसवतं आणि तपशील बराच सुधारतो.

पावसाळ्यात चंद्र मिळाला तर मिळाला. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि ऊन पडेल तेव्हा पुड्या वाळवा.

मालिका मांडताना

महिनाभर झूम तोच ठेवा. चंद्राचं अंतर बदलत असतं, सरासरी ३,८४,४०० किलोमीटर. जवळचा आणि लांबचा चंद्र यांच्या आकारात १४ टक्क्यांपर्यंत फरक पडतो. फोटो कापताना सगळे चंद्र सारख्या मापाचे करू नका, हा फरक राहू द्या. दोन वेगवेगळ्या महिन्यांच्या पौर्णिमा शेजारी ठेवल्या तर मेअर क्रिसियम एकात कडेला जास्त चिकटलेलं दिसतं. चंद्र किंचित डोलतो, आणि त्या डोलण्यामुळे एकूण ५९ टक्के चंद्र आपल्याला पृथ्वीवरून दिसतो.

उगवताना आणि मावळताना चंद्र वेगळा कललेला असतो, म्हणून सगळे फोटो टायको खाली आणि क्रिसियम उजवीकडे येईल असे फिरवून घ्या. काँट्रास्ट थोडाच वाढवा. शार्पनिंग जास्त झालं की कडेला पांढरी रेघ उमटते, ती दिसली की मागं या. फाइलला नाव देताना तिथी, तारीख आणि वेळ लिहा, उदाहरणार्थ ‘कार्तिक-शु-०८’ आणि पुढं तारीख.

ढगांमुळे काही तिथी सुटतीलच. त्या पुढच्या महिन्यात भरून काढा आणि खाली महिना लिहा. पण शुद्ध पंचमीचा फोटो आरशासारखा उलटवून वद्य एकादशीच्या जागी लावू नका. असं करणारे पुष्कळ आहेत, आणि मला ते अजिबात पटत नाही. शुद्ध पक्षात उजेडात असतं ते क्रिसियम आणि त्याच्या शेजारची मैदानं. वद्य एकादशीला उजेडात असतो तो दुसराच अर्धा, ओशनस प्रोसेलारम या विस्तीर्ण काळ्या मैदानाचा. ती जागा रिकामी सोडा आणि पुढच्या वद्य एकादशीला पहाटे साडेचारचा गजर लावा.